ट्रॅक्टरचा खांदा

मागच्या उन्हाळ्यात अकोल्याला एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी एक गोष्ट सांगितली. दर्यापूरकडच्या एका गावात म्हणे पूर्वी एक पाटलीणबाई होत्या. त्यांच्या नजरेत असं काही होतं की त्यांनी पोळ्याच्या तोरणाखाली पाटलाचा ट्रॅक्टर जागच्या जागी बसवला. नुसतं आरतीचं ताट घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि इंजिन गप्प. अमरावतीहून आलेला मेकॅनिकसुद्धा हात जोडून बाजूला झाला. पंगत हसली. तोंडात जिलबी होती, तरी मीही हसलो.

तो मेकॅनिक मी होतो. हात जोडले नव्हते, फडक्याला पुसत होतो, पण ते जाऊ द्या. बाईंच्या नजरेत काहीही नव्हतं. चुलीच्या धुराने त्यांचे डोळे अधू झाले होते, दोन हातांवरचं माणूस त्या आवाजावरून ओळखायच्या. ट्रॅक्टर कशाने बसला हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं आणि मी बोललो नाही. आता बाई नाहीत, पाटील नाहीत, बैल तर कधीच गेले. जिलबी गिळून झाली, गोष्ट काही गिळवेना, म्हणून लिहितो आहे.

साठ सालानंतरची ती पहिली काही वर्षं. अमरावतीत ट्रॅक्टर विकणाऱ्या एका दुकानात मी फिटर होतो. वडील पौरोहित्य करायचे. माझा ओढा पहिल्यापासून पाना-पक्कडीकडे. आई म्हणायची, बापाच्या बोटाला हळद-कुंकू आणि पोराच्या बोटाला ग्रीस, दोघांचेही सदरे माझ्याच नशिबी.

खेड्यातून निरोप यायचा तो बहुतेक एकच, ‘सेल्फ उचलत नाही.’ सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. ती बॅटरीवर चालते. निरोप आला की मी हत्यारांची पिशवी घेऊन बस पकडायचो आणि गावात उतरताच डॉक्टरसारखा चेहरा करायचो. पद्धत साधी होती. आधी दिवे लावायचे, मग सेल्फ दाबायचा. दिवा मंद होत होत मावळला तर बॅटरी उपाशी. दिवा तसाच लख्ख राहिला आणि सेल्फ गप्प, तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही, बटण बघा, तार बघा. आणि दिव्याने डोळा मिटल्यासारखं करून बटण सोडताच पुन्हा उघडला, तर समजायचं की कुठेतरी सांधा नीट बसलेला नाही. मग एकेक सांधा हाताने चाचपायचा. जो गरम लागेल तो चोर.

रोगापेक्षा रोग्याचे नातेवाईक जास्त अवघड. दर्यापूर-भातकुलीचा तो सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी माणसाच्या घशाखाली उतरत नसे, ते बॅटरीला खुशाल पाजायचे. मी डिस्टिल्ड वॉटरची बाटली दाखवून सांगायचो, हिला हेच लागतं. त्यावर एकाने मला विचारलं, “भाऊ, आमाले गोड पानी भेटत नाही, अन् इले काहून भेटावं?” हिवरखेडच्या बाजूला एकाने बॅटरी काढून रेडिओला जोडली, रात्रभर गाणी ऐकली आणि सकाळी ट्रॅक्टर उठत नाही म्हणून मला बोलावलं. “तो बी रातभर जागलाच ना,” त्याची बायको म्हणाली. तिचं निदान माझ्यापेक्षा आधी झालं होतं.

तर ते पाटील. त्यांनी एक जुना विलायती ट्रॅक्टर विकत घेतला आणि त्या दिवसापासून ते बैलांकडे नापास झालेल्या मुलाकडे बघावं तसं बघू लागले. हळूहळू सगळ्या जोड्या विकल्या. एकच राहिली, एक पांढरा आणि एक खैरा. दोन्ही घरच्या गाईची वासरं, पाटलीणबाईंनी हाताने भरवून वाढवलेली. त्या जोडीवरून घरात रोज वाद. मी बाईंना काकू म्हणायचो. माझ्यासमोर एकदा पाटलांनी जाहीर केलं, “औंदा पोळ्याले मान ट्रॅक्टरचा. तो तोरणाखालून गेला का पुढच्या बाजारात जोडी विकून टाकतो. एका घरात दोन कारभारी नाही पायजे.”

“मंग तुमी कोठी जासान?” काकूंनी आतून विचारलं.

पण पाटलांचा शब्द म्हणजे शब्द. चावडीवरही त्यांनी तेच सांगितलं होतं. गेला तर जोडी बाजारात. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं, आणि ट्रॅक्टर ऐन वेळी दगा देऊ नये म्हणून मला आदल्या दिवशीच बोलावून घेतलं होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी करतात. वर्षभर जू ओढून सोललेल्या खांद्याला हळद आणि तूप लावून पळसाच्या पानाने शेकायचं आणि बैलाला सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी बैलाने काम करायचं नाही, फक्त मिरवायचं आणि पुरणपोळी खायची. काकूंनी पांढऱ्याचा आणि खैऱ्याचा खांदा शेकला. मग वाटी घेऊन त्या थेट ट्रॅक्टरपाशी आल्या. मी तिथे पाने पुसत बसलो होतो.

“फिटरभाऊ, याचा खांदा कोनचा?”

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांचा चेहरा देवघरात असावा तसा होता.

“काकू, याच्यापायी तुमचे बैल जाणार, आणि तुम्ही याचाच खांदा शेकता?”

“घरात आला तं घरचाच झाला ना तो. त्याच्याशी माह्यं भांडन नाही बाप्पा, यायच्याशी आहे.” ‘यायच्याशी’ म्हणजे ओसरीवर पान लावत बसलेल्या पाटलांशी. “त्यानं बी साल काढलं. कोठी दुखत असन त्याले, तेवढं सांगा.”

इथे मी शहाणा झालो. त्या जातीच्या ट्रॅक्टरात बॅटरीचं एक टोक तारेने सेल्फकडे जायचं आणि दुसरं टोक एका जाड विणलेल्या पट्टीने ट्रॅक्टरच्या अंगालाच बोल्टने आवळलेलं असायचं. वीज तारेने जाणार आणि लोखंडातून परत येणार. त्या पट्टीला आम्ही अर्थ, म्हणजे अर्थिंग, म्हणायचो. ती जिथे बसते तिथलं लोखंड उघडं आणि घासलेलं हवं, नाहीतर सगळा कारभार खुंटतो. मी त्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणालो, “हा बघा खांदा. सगळा भार इथेच येतो.”

तसं बघितलं तर खोटं नव्हतं.

“मंग ही पट्टी बाजूले करा, नीट शेकू द्या.”

मी हसत हसत बोल्ट सैल करून दिला, पाना तिथेच ठेवला आणि ओसरीवर चिवडा खायला गेलो. पाटलांना ट्रॅक्टरपाशी काय चाललं आहे ते सांगितलं. ते इतके हसले की पान घशात अडकलं. आम्ही दोघं हसत होतो तेव्हा ती बाई पट्टीखालच्या लोखंडाला तूप-हळद चोपडत होती आणि त्याला जेवायला बोलावत होती. एवढंच करून थांबल्या असत्या तर निभावलं असतं. पण बैलांच्या शिंगांना लावलेला लाल ऑइलपेंट उरला होता. खांदा सजला पाहिजे म्हणून तो त्यांनी त्या जागेला, पट्टीच्या टोकाला आणि बोल्टलाही लावला. रात्रीतून तो वाळला. पहाटे उठून पट्टी जागेवर ठेवून पान्याने त्यांनीच आवळली. दळणाचे हात त्यांचे, कसर राहिली नाही. सकाळी मी पाहिलं, पट्टी जागेवर आहे, बोल्ट घट्ट आहे, रंग सुरेख आला आहे. एवढी तपासणी मला पुरली.

दुपारी सेल्फ कुंथत उचलला. “श्रावणाची दमट हवा,” मी म्हणालो. पाटलांनी समाधानाने मान हलवली. रेडिएटरला लाकडी शिंगं बांधली होती, त्यांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. ट्रॅक्टर धूर सोडत निघाला आणि गावचे सगळे बैल बिचकून मागे सरले.

तोरण गावाच्या वेशीपाशी बांधलं होतं. मानाचा बैल त्याच्याखालून गेल्याशिवाय बाकीच्यांनी जायचं नाही. पाटील ट्रॅक्टर घेऊन बरोबर तोरणाखाली आले आणि थांबले. काकू आरतीचं ताट घेऊन समोर आल्या. इंजिनाच्या आवाजाने बैल दावी तोडू लागले, तेव्हा पाटलांनी ऐटीत दांडी ओढून इंजिन बंद केलं. “ओवाळा,” ते म्हणाले. काकूंनी ओवाळलं. नारळ फुटला. पाटलांनी सेल्फ दाबला.

कट्.

पुन्हा दाबला. कट्. मागे सगळ्या गावाच्या जोड्या, कडेला बायका-पोरं, आणि तोरणाखाली हा.

“फिटरभाऊ!”

मी पुढे झालो. दिवे लावले, सेल्फ दाबायला सांगितलं. दिव्याने डोळा मिटला आणि उघडला. माझ्याच नियमाप्रमाणे सांधा. पण एवढ्या माणसांसमोर नियम कुणाला आठवतात? “बॅटरी,” मी म्हणालो.

“बॅटरी मांगच्या महिन्यात अकोल्याहून आनली लेका,” पाटील दात आवळून म्हणाले.

“मग सेल्फ अडकला असेल.” गिअर टाकून ट्रॅक्टर मागेपुढे हलवायचा प्रयत्न केला. काळ्या चिखलात चाकं रुतली होती, ट्रॅक्टर तसूभरही हलला नाही. हँडल मारून इंजिन फिरवता आलं असतं. हँडल कुठे आहे, मी विचारलं. पाटलांनी गोठ्याकडे बोट केलं. सेल्फ असताना हँडल कशाला म्हणून त्यांनीच ते गोठ्यात खुंटा म्हणून ठोकलं होतं, आणि वर्षभर त्यालाच पांढरा बांधलेला असायचा. एकाने काढायला धाव घेतली. परत येऊन म्हणाला, “पाक रुतून बसलं जी. सबलीनं बी निघत नाही.”

तोवर लोकांना कंठ फुटला होता. पोळ्याला झडत्या म्हणायची चाल आहे, एकमेकांना चिमटे काढणाऱ्या दोन-दोन ओळी. मागून कुणीतरी सूर लावला,

“पाटलाचा नवा बैल, ना मूत ना शेन,
तेल पेऊन बसून राह्यला, त्याले काय देन-घेन!
हर बोला हर हर महादेव!”

सगळी वेस गरजली. “भटजीच्या पोरा, पाना ठेव अन् मंतर म्हन,” दुसरा ओरडला. तिसऱ्याने सुचवलं, चार बैल जुंपा आणि ओढा. त्याबरोबर काकू ताट घेऊन गर्रकन वळल्या. “आजच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवसान? ठेवा बरं कोन ठेवते तो!” कुणी ठेवलं नाही. पाटलांनाही पोळ्याच्या दिवशी बैल जुंपवेना. मागे एका गोऱ्ह्याने ट्रॅक्टरची झूल चघळायला सुरुवात केली होती.

पाटील चिडून सेल्फ दाबतच राहिले. आणि मला वास आला.

फोडणीचा वास. तूप तापून हळद करपल्याचा. मला वाटलं, कुणाच्या घरी स्वयंपाक चालला आहे. वास ट्रॅक्टरच्या अंगातून येत होता. मी वाकलो. पट्टीच्या बोल्टापाशी लाल रंगाला फोड आले होते आणि खालून पिवळं तूप चुरचुरत होतं. हात लावला, चटका बसला. रंगाने सांधा अडवला होता, दुपारी जेमतेम निभावलं होतं. जी थोडी वीज कशीबशी निसटत होती, ती दिव्यांना पुरत होती, सेल्फला नाही. बोल्ट काढायचा, कानशीने रंग खरवडायचा, पुन्हा आवळायचा. पान खायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळाचं काम.

मी मान वर केली. समोर काकू होत्या, त्यांच्या मागे पांढरा आणि खैरा. दुरुस्त केलं तर ही जोडी पुढच्या बाजारात जाणार. मी त्या क्षणी फार उदात्त विचार केला असं सांगायला आवडलं असतं. बैलांचा विचार आला, पण दुसरा. पहिला असा, की खांदा दाखवला कुणी हे आता पाटील विचारणार, आणि उद्या दुकानाचे मालक.

तेवढ्यात एका म्हाताऱ्याने काठी टेकून विचारलं, “काल याची खांद शेकली होती काय?”

“शेकली ना,” काकू म्हणाल्या. “आवतन बी देल्लं.”

“मंग तो आज काम काहून करीन?” म्हातारा म्हणाला. “आवतन देल्लं तं जेवू घाला. सुट्टीच्या दिवशी हाकलून राहिले त्याले.”

यावर असा हशा झाला की बैल पुन्हा बिचकले. पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. मी फडक्याला हात पुसले आणि म्हणालो, “आज नाही व्हायचं.”

सगळ्या गावाने दोर लावून, रेटून, हसून ट्रॅक्टर बाजूला चिखलात लोटला. तोरणाखालून पहिल्यांदा पांढरा आणि खैरा गेले. पाटलांनी बायकोकडे पाहून हळूच म्हटलं, “तूच केलं हे.”

“म्या काय केलं वं माय,” त्या म्हणाल्या. “म्या तं त्याले जेवाले बलावलं.” पण तेव्हा ढोल वाजत होते, ते मागे कुणाला ऐकू गेलं नाही.

रात्री गड्यांनी तो रेटत घरी गोठ्यापाशी आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी नाही असं पाहून मी रंग खरवडला. पहिल्याच दाबाला इंजिन धडधडलं. पाटील धावत आले. “काय झालं होतं?” मी म्हणालो, “दमट हवा.” त्यांनी लख्ख उन्हाकडे पाहिलं, मग गोठ्याकडे पाहिलं. “हवा नाही ही,” ते म्हणाले. “घरचाच वारा आहे.” तोरणाखालून तो गेला नाही, त्यामुळे शब्द आपोआप सुटला. जोडी विकायचा विषय त्यांनी परत काढला नाही. मला वाटतं, ते घाबरले.

गावही घाबरलं. कुणी नवा रेडिओ आणला आणि काकू दिसल्या की त्यावर टॉवेल पडे. शिवणयंत्रावर पातळ टाकत. एसटीचा ड्रायव्हर म्हणे, “पाटलीणबाई, तुमी मांगं बसा, इंजिनकडे नोका पाहू.” हे सगळं मला बसमध्ये, चहाच्या टपरीवर कानावर यायचं आणि मी इतरांइतकाच हसायचो. मग एकदा कळलं की सख्ख्या पुतणीच्या हळदीला त्या गेल्या, तर वाटी त्यांच्यापर्यंत येऊन पुढे गेली. ते ऐकून मात्र हसता आलं नाही.

काही वर्षांनी पुन्हा त्या घरी जाण्याचा योग आला. डायनामो बॅटरी भरत नव्हता, पट्टा सैल होता, किरकोळ काम. खैरा त्या उन्हाळ्यात गेला होता. काकूंनी चहा आणून दिला आणि समोर बसल्या.

“तुमी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लाल रंग खरवडून राहिले होते,” त्या म्हणाल्या. “म्या गोठ्यातून आयकत होती. डोळ्यानं दिसत नाही, पन कानस समजते मले. खरवडलं, अन् तो बोलला.”

“काकू, तो खांदा… मी थट्टा केली होती.”

“मले मंग समजलं ते.”

“मी पाटलांना सांगतो. चावडीवर जाऊन सांगतो, आत्ताच.”

“खबरदार!” त्यांनी मला असं दटावलं की चहा सांडला. “पांढरा जित्ता आहे अजून. यायले समजलं का माह्यात काही नाही, तं उद्या बाजार दाखवतीन त्याले. म्हातारा झाला तो, कसायाशिवाय कोन घेते? लोक काय म्हनाचे ते म्हनू द्या.” मग पदराने चहा पुसत म्हणाल्या, “तो गेला का सांगजा. तवा साऱ्याइले सांगजा, बुढी तशी नव्हती म्हनून. इसरजा नोका.”

मी हो म्हणालो.

पांढरा पुढच्या वर्षी गेला. गोठ्यातच, त्याच हँडलला बांधलेला. तोवर मी अकोल्यात स्वतःचं दुकान काढलं होतं. त्या गावचा एक माणूस आतले झिजलेले कार्बन बदलायला सेल्फ घेऊन आला, त्याने बोलता बोलता सांगितलं. मी ‘अरेरे’ म्हणालो आणि सेल्फ उघडला. बसने गेलो असतो तर संध्याकाळी परत आलो असतो. पण माझ्या दुकानात लोक ती गोष्ट ऐकायला बसत. ‘यायनं सोता पायलं ते,’ असं गिऱ्हाईक एकमेकांना सांगत, आणि पाटलीणबाईंच्या नजरेपुढे हरलेला मेकॅनिक म्हणून माझी पत उलट वाढली होती. आज जाऊ, पोळा झाला की जाऊ, असं करत राहिलो. काकू त्यानंतरही पुष्कळ वर्षं जगल्या. रेडिओवरचे टॉवेल तेवढी वर्षं पडत राहिले असणार.

त्या पंगतीतले गृहस्थ हे वाचतील की नाही, ठाऊक नाही. वाचलंच तर गोष्ट एवढी दुरुस्त करून घ्यावी. ट्रॅक्टरला खांदा नसतो, तो मी दाखवला. बाईंनी त्याला अडवलं नव्हतं, घरचा समजून जेवायला बोलावलं होतं. आणि तो तोरणाखाली अडून बसला तो माझ्या थट्टेने. एवढं सांगायला मला बसचं तिकीट काढून जायचं होतं, ते राहिलं.